पाण्याचे भरलेले पेले

परातीत पाण्याचे पेले मांडून एक पोरगी छपरीत फिरते आहे. स्टीलचे पेले, काठोकाठ भरलेले. सतरंजीवर सोळा बायका बसल्या आहेत. पोरगी एकेकीपुढे वाकते आणि एकेक हात आडवा हलतो. "नको माय." "आत्ताच पेऊन आली." "राहू दे, घरी जाऊन पेते." परात पुन्हा चुलीच्या खोलीच्या दाराशी येते तेव्हा मी पेले मोजते. बारा पेल्यांना कोणी हातही लावलेला नाही.

तहान नाही असं कसं म्हणावं? दुपारचे तीन वाजले आहेत. नोव्हेंबर लागला तरी देवळीचं ऊन पाठीला चटके देतंच आहे. यातल्या निम्म्या बायका बाजारातून थेट इथे आल्या आहेत. पिशव्यांमधून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी डोकावते आहे. पायांवर धूळ आहे, ओठ सुकलेले आहेत. तरीही पाणी नको.

आजची बैठक या नको म्हटलेल्या पाण्याबद्दलच आहे. ते अजून कोणी बोललेलं नाही.

देवळी हे वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की आधी सावंगीचं मोठं रुग्णालय लागतं, मग देवळी. चहूकडे कापूस, सोयाबीन आणि तूर. सध्या कापूस फुटला आहे आणि गावातल्या बायकांचे दिवस वावरातच मावळतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. सकाळी कमरेला ओटी बांधली की संध्याकाळपर्यंत वाकून तासामागून तास वेचत जायचं. ओटी भरत जाते तसतशी कमरेला ओढ बसते. आडोसा शोधायचा तर पार धुऱ्यापर्यंत जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात शेजारणीची ओटी भरलेली असते. म्हणून बायका जात नाहीत. जायला लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत. आज बाजाराचा दिवस, वेचणीला सुट्टी, म्हणून बचत गटाच्या निमित्तानं सगळ्या जमल्या आहेत. घरचे पुरुष बाहेर गेले आहेत. गावात घरोघरी आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी दार लोटून घेतलं आहे.

भिंतीला टेकून बसलेली तरुण मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. वय पंचविशीच्या आसपास, मांडीवर वही. ती नीट, आदबीनं विचारते, "काकू, मावशी, तुमच्यापैकी कुणाला लघवीचा काही त्रास आहे का?"

कोणी बोलत नाही. एकीनं सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळायला घेतला आहे. शेवटी मधली एक जण म्हणते, "उन्हाळ्यात जळजळ होते कधी कधी. बाकी काई नाई."

"बाकी कुणाला?"

माना हलतात. कुणालाच काही नाही. मुलगी वहीत काहीतरी लिहू लागते तेवढ्यात आशाताई पुढे सरकतात. त्या याच गावच्या, यातल्या कितीजणींच्या बाळंतपणाला रात्री-बेरात्री सोबत गेलेल्या. त्या विचारतात, "खोकलली का सुटते का वो थोडी? शिंकली का?"

आणि छपरी हसते. पदर तोंडाला जातात, खांदे हलतात, एक जण शेजारणीच्या मांडीवर चापट मारते. लाज आणि सुटका दोन्ही या हसण्यात आहेत. प्रश्न कळला, असं त्यातून कळतं. हसू ओसरतं न ओसरतं तोच मघाशी "बाकी काई नाई" म्हणालेलीच म्हणते, "आता हसली तशीच सुटली ना!"

मग बोलणं थांबत नाही. एकीला पाण्याचा गुंड उचलला की होतं. एकीला तुरीचं पोतं सरकवताना. एकीला काहीच उचलावं लागत नाही. नळाच्या पाण्याचा आवाज आला की धाव घ्यावी लागते, आणि न्हाणीपर्यंत पोचेपोचेतो पायावरून ओघळ येतो. चाळिशीतली, हिरव्या काठाच्या लुगड्यातली एक बाई सांगते, "एसटीत बसतच नाई मी आता. लेकीच्या सासरी गेली नाई, दोन वर्षं झाले. लेक म्हनते, माय येत नाई. तिले काय सांगू?"

मी ऐकते आहे आणि माझ्या लक्षात येतं की या बायकांना या त्रासातलं सगळं माहीत आहे. वावराच्या वाटेवर कुठे झुडूप दाट आहे, लग्नाच्या मांडवात दारापासची कोणती जागा धरावी, कोणत्या रंगाच्या लुगड्यावर ओल दिसत नाही, कोणत्या पाहुण्यांच्या घरी संडास बाहेर आहे, हे त्यांना पाठ आहे. इतका बारीक अभ्यास क्वचितच कोणी आपल्या दुखण्याचा करतं. ठाऊक नाही ते एवढंच की याला दुखणं म्हणतात.

मुलगी विचारते, "मग कुणी डॉक्टरांना दाखवलं का?"

"हे काय दाखवाचं असते का?" उत्तर तीन-चार तोंडांतून एकदमच येतं. "तीन लेकरं झाल्यावर होतेच. माह्या सासूलेही होतं."

सासूला होतं, म्हणून मला होतं, म्हणून सुनेलाही होईल. त्रास असा वारशानं पुढे जातो, आणि त्यावर इलाज आहे ही माहिती मात्र वाटेतच राहते. जगभरातल्या पाहण्या सांगतात की साधारण चौघींमागे एकीला ते तिघींमागे एकीला हा त्रास आयुष्यात कधीतरी होतो. म्हणजे तो फार सर्रास आहे. पण सर्रास आहे म्हणून तो सोसायलाच हवा असं कुठे आहे? डोळ्यांचा नंबरही सर्रास लागतो. आपण चष्मा लावतोच ना.

मागच्या रांगेतून एक जण विचारते, "म्याडम, पिशवी काढली का बंद होते म्हनते. खरं हाय का?" तिच्या शेजारची लगेच मान हलवते. "माही काढली ना सहा वर्षांपूर्वी. तरी सुटतेच."

इथे मुलगी वही बाजूला ठेवते. तिच्या चेहऱ्यावरून दिसतं की हा प्रश्न तिनं आधीही ऐकला आहे. आपल्या भाषेत पिशवी हा एकच शब्द दोन अवयवांना लागतो, लघवीच्या पिशवीला आणि गर्भाच्या पिशवीला. बोलणारी एकीबद्दल बोलते आणि ऐकणारी दुसरीबद्दल समजते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या किती सहज काढल्या गेल्या, याच्या चौकशीसाठी 2019 मध्ये शासनाला समिती नेमावी लागली, हे आपण वाचलेलं आहे. शब्दाची गल्लत छोटी वाटते, पण तिच्यातूनच एखादी बाई नको त्या शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते.

मुलगी परातीतले दोन भरलेले पेले उचलते आणि सतरंजीच्या मध्ये ठेवते. "लघवीची पिशवी वेगळी, मावशी. ती पुढे असते, गर्भपिशवी तिच्या मागे. लघवीच्या पिशवीत मावतं किती? हे एवढं. दोन पेले, 400 ते 500 मिलिलिटर. आणि बाहेर येणारी नळी आपली जेमतेम 4 सेंटीमीटर." ती बोटाच्या दोन पेरांचं माप दाखवते. "ही पिशवी, गर्भपिशवी, मागचं आतडं, हे सगळं कशावर टेकलंय? खाली स्नायूंचा पट्टा आहे, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत ताणलेला."

"खाटेसारखा?" दारापासून आवाज येतो.

"अगदी खाटेसारखा!" मुलगी खूश होते. "खाटेची दोरी ढिली झाली की काय होतं?"

"झोळ पडते."

"मग खाट फेकून देता का?"

"कायले फेकू? दोरी कसतो."

छपरीत शांतता पसरते, पण मघाचची नव्हे. ही शांतता विचार करणाऱ्यांची आहे. झोळ का पडते तेही मग बायकाच सांगतात आणि मुलगी त्यात भर घालते. बाळंतपणं, त्यातही लांबलेली, अडलेली. बाळंतपणानंतर सव्वा महिनाही न थांबता उचललेली ओझी. पाळी जाण्याच्या वयात शरीरात होणारा बदल. वाढलेलं वजन. चुलीच्या धुरानं जडलेला खोकला, कारण प्रत्येक खोकल्याबरोबर त्या पट्ट्यावर धक्का बसतो. बद्धकोष्ठ आणि त्यासाठी कुंथणं. शुगर असेल तर लघवी जास्त होते आणि पिशवीच्या नसाही बिघडू शकतात.

खोकताना, वजन उचलताना निसटते ती एक तऱ्हा. कळ येताच आवरत नाही ती दुसरी. तिथे पिशवीचा स्नायूच वेळेआधी आवळतो. कितीतरी जणींना दोन्ही असतात. हे समजून घेणं महत्त्वाचं, कारण पहिलीवर दोरी कसणं हा मुख्य उपाय, आणि दुसरीवर त्याच्या जोडीनं पिशवीला वळण लावणं.

"आता करून बघू," मुलगी म्हणते. सगळ्या सरळ बसतात. "वारा अडवतो तसं मागून आवळा. आता लघवी अडवतो तसं पुढून. दोन्ही मिळून आत, वर ओढा. पोट नाही, मांड्या नाही. श्वास चालू ठेवा."

सोळा चेहरे एकदम ताठ होतात. गालफडं फुगतात, खांदे कानाशी जातात. मुलगी उठते आणि एकेकीजवळ जाते. हिरव्या काठाच्या बाईच्या पोटावर ती तिचाच हात ठेवते. "हे घट्ट झालं. हे सैल सोडा. माझ्याशी बोलत बोलत करा, म्हणजे श्वास अडकणार नाही. लेकीचं गाव कोणतं?" बाई गावाचं नाव सांगते, मग जावयाचं काम, मग नातवाचं वय. बोलता बोलता तिचे खांदे खाली येतात. पोटावरचा हात मऊ पडतो. आणि एका क्षणी ती बोलायची थांबते, डोळे मोठे करते.

"आलं," ती म्हणते. "आत काईतरी उचललं."

इतकी वर्षं आपल्याच शरीरात असलेल्या एका स्नायूशी तिची आज ओळख झाली आहे. मी तिच्या अगदी समोर बसले आहे, आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते आश्चर्य मला विसरता येणार नाही.

या व्यायामाला अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञाचं नाव आहे. त्यांनी तो 1948 मध्ये मांडला. औषध नाही, यंत्र नाही, खर्च नाही. सहा-आठ सेकंद आवळून धरायचं, तेवढंच सैल सोडायचं, असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. सुरुवातीला दोन-तीन सेकंदच जमलं तरी चालतं. भाजी निवडताना, पोळ्या लाटताना, कोणाला कळणारही नाही असं करता येतं. एक मात्र करायचं नाही: लघवी करतानाच मध्ये अडवून हा व्यायाम रोज करायचा नाही; त्यानं पिशवी नीट रिकामी होत नाही.

दोन युक्त्या मुलगी आणखी शिकवते. शिंक येणार असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. आणि कळ आली की धावायचं नाही. उभं राहायचं, तीन-चारदा पटपट आवळायचं, कळ ओसरू द्यायची, मग चालत जायचं. "धावलं की पिशवी जास्तच दाबली जाते," ती सांगते. आजवर सगळ्या धावतच होत्या.

"आणि लिहून ठेवा," ती म्हणते, "दिवसात किती वेळा जाता, किती वेळा निसटते." वहीचं नाव निघताच काही चेहरे पुन्हा मिटतात. आशाताई उठून आत जातात आणि मूठभर तूर, मूठभर हरभरे घेऊन येतात. सोबत दोन रिकाम्या आगपेट्या. "न्हाणीजवळ ठेवाची. गेली का तुरीचा एक दाना टाकाचा. सुटली का हरभरा. रात्री मोजाचे आन मले सांगाचं." दिवसाला सात-आठपर्यंत तूर असेल तर ठीक, मुलगी सांगते. फार जास्त झाली, की तपासायला हवं. आगपेटी हातोहात फिरते. घरोघरी तुरीचा डबा आहेच; अक्षर न येणाऱ्या बाईलाही आता आपली नोंद आपण ठेवता येईल.

दारापासची म्हातारी मघापासून सतरंजीवर बसलेली नाही. ती उंबऱ्यालगत, चौघडी घातलेल्या जुन्या धडप्यावर बसली आहे. खाटेचं नाव तिनंच काढलं होतं. बायका उठू लागतात तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसते. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहते, मग कमरेजवळून हात घालून पिशवीतून एक घडी काढते. जुन्या लुगड्याचं कापड, पाच-सहा पदरी, चारही कडांनी हातशिलाई. टाके इतके एकसारखे की गोधडीवर शोभावेत. एका बाजूला बांधायला नाडी.

"अशे सात हायेत," ती म्हणते. "धुते आन गोठ्यामागे वाळवते. वरून पोतं टाकते. कोनाले दिसू नये." मग जरा थांबून, "पाळी गेली त्याले पंधरा वर्षं झाले. कपडा काई सुटला नाई."

उन्हात वाळवावा तो कपडा पोत्याखाली वाळतो. ओल राहते, खाज सुटते, जळजळ होते. मग बाई पाणी आणखी कमी पिते, लघवी आणखी दाट होते, पिशवी आणखी चिडते, कळ आणखी वारंवार येते. पाणी तोडून हा त्रास कमी होत नाही, वाढतो. हे तिला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

"मिरननाथ महाराजाच्या देवळात भजनाले जात होती मी," ती सांगते. "आता बाहेरूनच ऐकते. वल्ल्या लुगड्यानं आत कसं जावं?"

मी गप्प बसते. मला विदर्भातल्याच गडचिरोली जिल्ह्यातली एक जुनी नोंद आठवते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली, ती 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. 92 टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. जगाला त्या आकड्यांनी हलवलं. तेव्हाही बायका आजार लपवत होत्या असं म्हणणं सोपं होतं. खरं म्हणजे त्यांना कोणी त्यांच्या भाषेत विचारलं नव्हतं. या छपरीतही तेच झालं. "लघवीचा त्रास आहे का" याला उत्तर नाही आलं. "खोकलली का सुटते का" याला सोळांपैकी अकरा जणींनी उत्तर दिलं.

मुलगी जाता जाता म्हातारीपाशी वाकते. व्यायामानं फरक पडेल, पण आधी तपासणी हवी, ती सांगते, कारण म्हातारीला खाली काहीतरी उतरल्यासारखंही वाटतं. अंग बाहेर येत असेल तर त्यावर रिंग बसवता येते, गरज पडली तर शस्त्रक्रिया आहे. लघवीची तपासणी, शुगरची तपासणी इथल्या ग्रामीण रुग्णालयात होईल. पुढे सावंगी आहे, सेवाग्राम आहे. आणि सगळ्यांनाच ती पुन्हा बजावते: लघवीत रक्त दिसलं, ताप आला, लघवी अडली, किंवा बाळंतपणानंतर, पोटाच्या ऑपरेशननंतर रात्रंदिवस थेंब थेंब गळत राहिली, तर व्यायामावर थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

परात अजून दाराशीच आहे. पाणी आता ऊन झालं असेल. म्हातारी हात लांब करून एक पेला उचलते, अर्धा पिते, अर्धा तसाच खाली ठेवते. इतक्या वर्षांची भीती एका दुपारी जात नाही. पण अर्धा पेला गेला आहे.

तुमच्या घरातही पाणी नको म्हणणारी, लग्नात दारापाशी बसणारी, प्रवास टाळणारी एखादी बाई असेल. आई असेल, सासू असेल, बहीण असेल. आशाताईंच्या फॉर्ममध्ये या त्रासाचा रकाना असो वा नसो, दवाखान्यात डॉक्टरांना वेळ असो वा नसो, तिला तुम्ही विचारा. काही त्रास आहे का, असं विचारू नका. ती नाहीच म्हणेल. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना लघवी निसटते का, कळ आली की पोचेपर्यंत आवरते का, असं तिच्या शब्दांत, दार लोटून, जवळ बसून विचारा. हो म्हणाली तर तिला सांगा की हा आजार आहे, त्यावर इलाज आहे, बहुतेकींचा कमी होतो आणि कितीतरी जणींचा पुरता बरा होतो. आणि ते सांगताना तिच्या हातात पाण्याचा पेला द्या.